मशीन-रूममधल्या साड्या

तुमच्या घरातलं इंटरनेट काचेतून येतं असं सांगितलं की माझा व्याही अजूनही हसतो. "काच? मंग फुटत काहून नाई?" म्हणतो. मी म्हणतो, फुटते. फुटू नये म्हणूनच तर आमच्यासारखे लोक ठेवले होते.

या दिवाळी अंकाचे संपादक आमच्याच गल्लीतले. म्हणाले, "महादेवकाका, तुमच्या कामाचं लिहून द्या." मी सातवी पास. आठवीत नाव घातलं होतं, पण दप्तर घरी राहिलं आणि मी फोनचे खांब गाडायला गेलो. लिहायची सवय नाही, म्हणून बोलतो तसं लिहितो. कोणाला टोचलं तर टोचू द्या. यंदा आमच्या घरी दिवाळी नाही. पौषात बायको गेली, गिरजा. वर्ष व्हायचं आहे अजून. पण हे रडगाणं नाही. रडायचं ते मी घरी रडतो, त्याला अंक कशाला पाहिजे?

आधी काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रस्त्याखालून जाड काळी केबल येते. तिच्या पोटात केसासारख्या बारीक काचेच्या तारा असतात. त्यातून वीज जात नाही, उजेड पळतो. ही केबल टेलिफोन एक्सचेंजच्या मशीन-रूममध्ये शिरते. तिथे लोखंडी कपाटासारखी रॅक उभी असते. एकेक तार रॅकवर आणून सोडायची आणि तिथून मशीनपर्यंत एकेक पिवळी दोरी लावायची. त्या दोरीच्या आतही काचच. अशा शेकडो पिवळ्या दोऱ्या एका रॅकमधून निघतात. त्या सगळ्या ओळीत लावणं, वेटोळी करणं, जुडगे बांधणं हे माझं काम. आमच्यात याला ड्रेसिंग म्हणतात. पूर्वी मी तांब्याच्या तारा जोडायचो. तांबं रांगडं असतं, त्याला दोन ठोसे मारले तरी चालतं. काच लाडाची.

बाहेरच्याला वाटतं, दोऱ्या तर गुंडाळायच्या, त्यात काय? त्यात असं की दोरी ओढायची नाही, दाबायची नाही, मुरडायची नाही. वळण द्यायचं तर बांगडीपेक्षा लहान द्यायचं नाही. त्याहून घट्ट वळलं की उजेड वळणावर बाहेर सांडतो आणि पलीकडे पोचतच नाही. गिरजाची एक पितळी बांगडी मी खिशात ठेवायचो. दोरी तिच्याभोवती धरून पाहायची, बसली तर ठीक. एक्सचेंजमधले हसायचे, "महादेव बायकोले खिशात घेऊन फिरते." फिरत होतो. तुमचं काय गेलं?

आणखी दोन गोष्टी. दोरीच्या टोकाला धुळीचा कण चालत नाही, म्हणून टोकावर टोपण ठेवायचं. आणि चालू लाईनला गरज नसताना हात लावायचा नाही. हा नियम मला कोणी शिकवला नाही. आपण सहज हात लावावा आणि अर्ध्या महाल वस्तीचे फोन बंद पडावे, असं एकदा झालं की माणूस आपोआप शिकतो.

आता खरी भानगड बांधायची. दोऱ्यांचे जुडगे बांधायला ठेकेदार प्लास्टिकचे टाय द्यायचा. ते एकदा ओढले की मागे सरकत नाहीत. माणसाचा स्वभाव असा की हातात टाय आला की तो करकचून ओढणारच.

इतवारी बाजारात मिरचीचे एक व्यापारी होते, आम्ही शेठ म्हणायचो. त्यांची लाईन भर उन्हाळ्यात रोज दुपारी जायची आणि दिवस कलला की यायची. एक दिवस शेठ डबा घेऊनच एक्सचेंजमध्ये आले.

"भाऊ, मेरा इंटरनेट दोपहर को सोने जाता क्या? मैं नहीं सोता, वो कायको सोता?"

म्हटलं, पाहतो. शेठ मशीन-रूमच्या दारातल्या खुर्चीवर बसले. आतून एसीची गार हवा यायची. "जब तक चालू नहीं होता, मैं यहीच है," म्हणाले आणि डबा उघडला.

त्यांच्या दुकानापासून रॅकपर्यंत सगळं तपासून झालं होतं. मग रॅकच्या मागे बॅटरी मारून पाहिलं. ठेकेदाराच्या कोण्या माणसाने टाय पक्कडीने ओढून बसवला होता. दोरी कमरेत आवळलेल्या बाईसारखी झाली होती. दुपारी लोड वाढला की रॅकच्या मागे एसी पुरायचा नाही, तिथे तापायचं, दोरी फुगायची आणि टाय आणखी रुतायचा. टाय कापला, उजेड आला. शेठना सांगितलं, झालं, जा आता. शेठ उठले, बाहेर उन्हाकडे पाहिलं आणि परत बसले.

"थोडा और बैठूं क्या भाऊ? बाहर भोत गरम है."

त्या संध्याकाळी मी हे घरी सांगितलं. गिरजा आमच्या लेकीची वेणी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "केसाले रबर करकचून बांधलं तं केस तुटते का नाई? मंग काचेचं काय नवल सांगून राहिले? रिबन बांधा ना जी."

"कंपनी रिबन देते काय वं?"

तिने वेणी पुरी केली, पेटी उघडली, एक विरलेली सुती साडी काढली आणि टर्रकन पट्टी फाडून माझ्या हातात दिली.

गिरजा भिवापूरची. लग्नाआधी मायसोबत मिरचीच्या सातऱ्यावर जायची. सातरा म्हणजे बाया दिवसभर बसून मिरचीचे देठ तोडतात ती जागा. तिखट हातांनी गाठी सोडत बसणं तिथे परवडत नाही, म्हणून त्या बाया गाठोड्याला सुरगाठ मारतात. एक टोक ओढलं की सुटली. तीच गाठ तिने मला शिकवली. माझी बोटं जाड, मला जमेना. ती म्हणाली, "खांब गाडणाऱ्याचे हात हायत हे. हळू. मिरची हाय असं समजा."

आमचे तिडके साहेब चांगले माणूस होते, पण नजर बारीक. पट्टी पाहून म्हणाले, "महादेव, कापडाचे धागे सुटतात. एखादा धागा टोकावर बसला तर?" त्यांचं बरोबर होतं. घरी सांगितलं. गिरजाने पट्टीच्या दोन्ही कडा आत दुमडून हाताने शिवल्या. साहेबांनी ती पट्टी आपल्या काळ्या पँटीवर घासून पाहिली. एक तूस निघालं नाही. "ठीक आहे," म्हणाले, "बुटाला असते तशी चिकटपट्टी मी मागवलीय. ती येईपर्यंत चालवा."

ती चिकटपट्टी मी रिटायर होईपर्यंत आली नाही.

तर अशा गिरजाच्या जुन्या साड्या एकामागून एक मशीन-रूममध्ये गेल्या. निळी साडी बँकांच्या लाईनींवर लागली. जांभळी चौकड्याची दुकानदारांच्या. हिरवी, लाल काठाची, एका मोठ्या दवाखान्याच्या रॅकवर. ठरवून काही केलं नव्हतं, ज्या वेळेला जी साडी विरली ती लागली. पण कागदाच्या चिठ्ठ्या उन्हाळ्यात गळून पडायच्या आणि साड्या टिकल्या. मग सगळे रंगावरच बोलायला लागले. फोन यायचा, "भाऊ, जांभळीत काहीतरी झालं, पाहा जरा." साहेबसुद्धा म्हणायचे, "हिरवीला कोणी हात लावू नका रे."

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा होते. गणपत नावाचा चौकीदार होता, मोठा हौशी. एका वर्षी त्याने मुठीने कुंकू उधळलं. एका टोकाचं टोपण उघडं राहिलं होतं. कुंकवाचा कण आत बसला आणि एक लाईन गेली. देवीने उजेड अडवला, असं गणपत म्हणाला. मी कापसाच्या काडीने तो कण पुसला तेव्हा काडी लाल निघाली.

पुढच्या वर्षी साहेब म्हणाले, बायकामुलांना घेऊन या. गिरजा आली. काठाची साडी नेसून, गजरा घालून, जशी कोणाच्या लग्नाला आली. गणपत ताट घेऊन आत शिरायला गेला, तर ही दारात आडवी.

"गणपतभाऊ, ताट बाहेरच ठेवा. ह्यायच्या काचेले कुंकू चालत नाई."

"वयनी, पूजा हाय का थट्टा हाय?"

"पूजाच हाय. दाराले लावा, उंबऱ्याले लावा. लेकराच्या डोयात कुंकू टाकता का तुमी?"

साहेब हसले आणि गणपतने पूजा उंबऱ्यावर केली. मग साहेबांनी तिला आत नेलं. आधी ती लुकलुकणारे दिवे पाहत होती. मग तिची नजर रॅकवर गेली.

"अवं माय! माझी भाऊबीजेची हिरवी!"

आणि बाई सुरू झाली. ही हिरवी भावाने दिलेली, लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेची. ही निळी लेकीच्या बारशाची. ही जांभळी चौकड्याची नेसून ती माझ्याशी भांडून माहेरी गेली होती आणि हीच नेसून परत आली. साहेबांसमोर सगळं. मी छताकडे पाहत उभा.

साहेब म्हणाले, "वहिनी, तुमच्या हिरव्या साडीवर आख्खा दवाखाना उभा आहे."

"राहू द्या उभा," गिरजा म्हणाली. मग एसीखाली तोंड वर करून उभी राहिली. "साहेब, माझ्या साड्या माझ्याहून मजेत हायत. मले घरी कूलर, थ्यायले एशी!"

आणि स्वतःच हसत सुटली. त्या हसण्याने मशीनचा आवाज दबला होता. मी खोटं नाही सांगत.

मी रिटायर झालो. साहेबही झाले, मुलाकडे परगावी गेले. गेल्या हिवाळ्यात गिरजाला ताप आला, छातीत पाणी झालं. नेलं ते त्याच दवाखान्यात. खाटेजवळच्या टेबलावर कंप्युटर होता, त्यात नर्स तिचे रिपोर्ट पाहायची. गिरजा तिला म्हणाली, "बाई, चालू हाय ना थो? माझ्या साडीनं बांधला हाय." नर्सला वाटलं, तापात बडबडते. मला विचारलं, "आजी काय म्हणतात?" मी म्हटलं, बरोबर म्हणते.

ती बांगड्या घालूनच गेली. मी काय लिहू त्याच्याबद्दल?

तेरवी झाल्यावर सूनबाईने साड्या वाटून टाकल्या. रीत आहे. बाया येत होत्या, एकेक घेऊन जात होत्या, मी ओट्यावर बसून पाहत होतो. मग एक दिवस कपाट उघडलं तर नुसता डांबरगोळ्यांचा वास. हाताला धरायला तिचं कापड म्हणून काही नाही. सूनबाईला दोष नाही. मी "एक ठेव वं" म्हटलं असतं तर तिने दहा ठेवल्या असत्या.

उन्हाळ्यात फोन आला. एक्सचेंजच्या नव्या इंजिनीयर, नेहा मॅडम. पोरगी मौद्याची, बोलायला साधी. म्हणाली, "काका, मशीन-रूममधलं जुनं सामान काढून टाकतोय. हे साड्यांचं काय प्रकरण आहे? सगळे म्हणतात तुम्हाला विचारा."

मी विसरलो नव्हतो, पण डोक्यात आलंच नव्हतं. तिच्या साड्या होत्या! शहराच्या मध्यभागी, एसीत.

सकाळी पहिल्या ऑटोने गेलो. ठेकेदाराचा पप्पू नावाचा माणूस हातात कटर घेऊन रॅकसमोर उभाच. जुन्या दोऱ्या भंगार, कापायच्या, पोत्यात भरायच्या, सोबत पट्ट्याही कचाकच. मी मॅडमला सरळ सांगितलं, "मले दुसरं काई नको. मले ह्या पट्ट्या पाह्यजे. माझ्या बायकोच्या साड्या हायत. ते गेली."

मॅडमने एक पट्टी बोटात धरून पाहिली. इथून काही बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, तो मलाही माहीत होता. मग म्हणाली, "काका, ह्या पट्ट्या कंपनीने कधी दिल्या होत्या का?"

"नाई."

"मग त्या कंपनीच्या कशा? घेऊन जा."

पप्पू कुरकुरला. "काका, एकेक गाठ सोडत बसलो तं संध्याकाळ होऊन जाईन. मले दुसरीकडंही जायचं हाय."

"सोडायची नाई गा, ओढायची. पाह्य इकडं."

मी निळीचं एक टोक धरून ओढलं. गाठ पाण्यासारखी सुटली. पप्पूने दुसरी ओढली. "अरे बाप!" म्हणाला. तिसरी ओढली. मग कटर खिशात घातला आणि एका टोकापासून सटासट ओढत निघाला. मी मागून पट्ट्या गोळा करत. निळ्या झाल्या. जांभळ्या झाल्या. एक पट्टी नाकाला लावली. तिचा वास नव्हता, मशीनचा होता. पण काठाचे टाके तिचेच होते, जवळजवळ, तिरके. डाव्या हाताने शिवायची ती.

राहिली हिरवी.

दवाखान्याची रॅक काढायची नव्हती. ती जशी होती तशीच राहणार होती. तरी मॅडम चिकटपट्टीचं नवं कोरं रीळ घेऊन आली. ते रीळ पाहून मला हसूच आलं. शेवटी आलं बाबा! "काका, मी ही लावते," मॅडम म्हणाली, "हिरव्याही घेऊन जा. तुमच्यासाठी बदलू."

मी रॅकसमोर उभा राहिलो. हिरवी मला सगळ्यात जास्त हवी होती. नवी नवरी होती तेव्हाची साडी ती. आमची पहिली भांडणं, पहिला स्वयंपाक, सगळं त्या साडीत. सुरगाठीचं टोक बाहेर लोंबत होतं. मी ते बोटात धरलं. एक ओढ, बस. पप्पू, मॅडम, दोघं पाहत होते. जुडग्यामागे दिवे लुकलुकत होते. कोणाचा तरी रिपोर्ट जात असेल. कोणाची तरी गिरजा खाटेवर असेल.

गाठ घट्ट नव्हती, सैल नव्हती. दोऱ्यांना ठीक धरून होती. मी शोधून पाहिलं, काही बिघाड दिसतो का. असता तर बरं झालं असतं, काढायला कारण मिळालं असतं. काही नव्हतं. खिशातून बांगडी काढून वळणं पाहिली. सगळी बसत होती.

मी टोक सोडलं.

"राहू द्या मॅडम," म्हटलं. "चालू लाईन हाय."

मॅडमने रीळ कपाटात ठेवून दिलं. पप्पू म्हणाला, "काका, तुमी बी गजब हा." मी त्याला म्हटलं, तू तुझं पोतं भर.

निळ्या-जांभळ्या पट्ट्या पिशवीत घरी आणल्या. सूनबाईने पिशवीत हात घातला, पट्टीवरचे टाके ओळखले. "मामाजी, मी तं सगळ्या देऊन टाकल्या जी..." म्हटलं, "रीत होती वं माय. आता ह्या धू." तिने धुतल्या, इस्त्री केल्या. माझी मच्छरदाणी आता जांभळ्या चौकड्यांनी बांधलेली आहे. सकाळी एक टोक ओढलं की सुटते. नात शाळेत जाताना वेणीला निळी बांधते. रबर नाही. आजीचा नियम आहे म्हणून सांगितलं तिला.

माझं बरं चाललं आहे. चहा मी चांगला करतो. संध्याकाळी चौकात बसतो, व्याही काचेवरून टोमणे मारतो, मी ऐकून घेतो.

परवा खंडेनवमीला नेहा मॅडमचा फोन आला. "काका, पूजा झाली. उंबऱ्यावरच केली, आत नाही."

"अन् हिरवी?"

"चालू आहे, काका. एकदम बरी."

मी म्हटलं, "एशी लावून ठेवता ना?"

"हो काका, लावलेलाच असतो."

"बस मंग," म्हटलं, आणि फोन ठेवला.